तेलगावच्या शिवारातील ‘हरणे’

भाद्रपद सरत आला की तेलगाव (ता. धारूर, जि. बीड) परिसरात सोयाबीनची काढणी सुरू होते. कापूस-तूर उभी असली तरी रिकाम्या पट्ट्यांतून नजर लांब जाते. विद्यार्थ्यांना घेऊन सकाळी बांधावर बसायला हा काळ उत्तम.

आपण सरसकट हरीण म्हणतो तो प्राणी इथे बहुधा काळवीट असतो. चितळ, सांबर ही खरी हरणे. त्यांच्या नरांची शिंगे भरीव हाडांची, फाटे फुटलेली असतात. ती गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट मात्र गाय-शेळीच्या कुळातले. हाडाच्या गाभ्यावर शिंगाचे पोकळ आवरण, आणि ते जन्मभर टिकते. पिळदार शिंगे बहुधा नरालाच, म्हणून बिनशिंगाचे जनावर दिसले की ‘पिल्लू’ म्हणू नये. ती मादी असेल. चिंकाऱ्याच्या मादीला मात्र बारीक शिंगे असतात.

या सुमारास काळे नर आपापली हद्द राखतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा टाकलेल्या लेंड्यांचा ढीग ही हद्दीची खूण. काळवीट धोका ओळखते ते मुख्यतः नजरेने. त्यामुळे सरळ त्याच्या रोखाने चालू नये. रोजच्या बैलगाडीला ते फारसे बुजत नाही, घोळक्याला बुजते!

कळप चरताना गवतातले किडे उडतात आणि ते टिपायला गायबगळे, कोतवाल येतात. एक बगळा कळपाजवळ आणि एक कळपापासून दूर निवडून प्रत्येकाने पाच मिनिटांत किती चोची मारल्या ते मोजावे. दुर्बीण नसली तरी हे जमते. आकाशात भोरड्यांचे थवे दिसू लागलेले असतात. मध्य आशियाच्या बाजूने आलेला हा पाहुणा नाकतोडे फस्त करतो. पुढे ज्वारी हुरड्यात आली की तिच्यावरही तुटून पडतो.

शेतकऱ्याला काळविटाचे कौतुक कमी, ते का हे मुलांनी त्यालाच विचारावे. ज्वारी-हरभऱ्याचे कोवळे कोंब कळप एका रात्रीत खुडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काळवीट आहे, म्हणून त्याला मारता येत नाही. नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते, पण पंचनामा वेळेत व्हावा लागतो. तेव्हा निरीक्षणवहीत जागा, तारीख, वेळ आणि कळपातील नर-माद्यांची संख्या यांच्याबरोबर ‘कोणते पीक, किती वाढलेले’ हा रकानाही आखून घ्यावा.