समोरचा उभा राहिला, की शो संपला!

फ्लोरिडाच्या थीम पार्कमध्ये आई-बाबांना घेऊन जाताय? राइड्सची लिस्ट नंतर करा. आधी बघा, शोमध्ये त्यांची व्हीलचेअर नेमकी कुठे लागणार आहे ते!

ऑनसाइट गेलेल्या प्रत्येक मराठी मुलाच्या (आणि मुलीच्या!) आयुष्यात एक उन्हाळा असा येतोच. आई-बाबा अमेरिकेत येतात. बॅगेत थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि शेजारच्या काकूंनी त्यांच्या भाच्यासाठी दिलेलं पार्सल. मग एक्सेल शीट तयार होते. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि घरात लहान मूल असो वा नसो, ऑर्लँडो. फ्लाइट, हॉटेल, भाड्याची गाडी, इंडियन रेस्तराँ, सगळ्याला कॉलम असतो. फक्त एकाच गोष्टीला नसतो. बाबांचे गुडघे!

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक पार्क नव्हे, चार. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवुड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. त्यातल्या एकट्या एपकॉटमध्ये वेगवेगळ्या देशांच्या पॅव्हेलियन्सचा जो तलावाभोवतीचा फेरा आहे, तोच १.२ मैलांचा, म्हणजे जवळपास २ किलोमीटर. दिवसभरात दहा-बारा किलोमीटर चालणं तिथे कुणाला विशेष वाटत नाही. रोज सकाळी बागेत चार राउंड मारणाऱ्या बाबांनाही दुपारी दोनच्या उन्हात ते विशेष वाटायला लागतं. मग भाड्याची व्हीलचेअर किंवा मोबिलिटी स्कूटर घ्यायची वेळ येते.

स्कूटर म्हटल्यावर बजाज डोळ्यांसमोर आणू नका. ही बॅटरीवर चालणारी, पुढे हँडल आणि बास्केट असलेली खुर्ची. डिस्नेच्या भाषेत ‘ईसीव्ही’. अंगठ्याने किंवा बोटांनी लिव्हर दाबलं की पुढे, सोडलं की थांबली. पार्ककडून भाड्याने घेतलेली चालवायला वय १८ पूर्ण हवं. ज्यांनी आयुष्यभर गिअरची गाडी चालवली, त्यांना हे दहा मिनिटांत जमतं. वीस मिनिटांनंतर ते इतरांना ‘बाजूला व्हा’ म्हणायला लागतात.

खरी गंमत (आणि खरी पंचाईत) शोच्या दारात सुरू होते. सगळे बोलतात राइड्सबद्दल, पण साठीच्या पुढच्या पाहुण्यांना घेऊन फिरताना दिवस तारून नेतात ते शो. अर्धा तास बसायला मिळतं, बऱ्याच ठिकाणी एसी असतो, पोटात गोळा येत नाही आणि शिवाय सगळ्यांना एकत्र बघता येतं. निदान आपला तसा समज असतो.

खुर्ची आत गेली, पुढे काय?

बहुतेक शोमध्ये व्हीलचेअरवरून उठावं लागत नाही. राइडच्या डब्यात बसायचं तर पुष्कळदा खुर्ची सोडून आत सरकावं लागतं, शोमध्ये तसं नाही. दारावरचा कर्मचारी (तिकडे त्यांना ‘कास्ट मेंबर’ म्हणतात) तुम्हाला रॅम्पच्या बाजूला वळवतो, ठरवून ठेवलेल्या मोकळ्या जागेत खुर्ची लावायला सांगतो आणि शेजारी बाक किंवा खुर्ची असते, तिथे सोबतचं माणूस बसतं. इथपर्यंत सगळं छान.

पण या जागा मोजक्या असतात. किती, तर त्याला चक्क गणित आहे. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा, एडीए, १९९० साली झाला. त्याखालचे बांधकामाचे नवे नियम २०१०चे, लागू झाले १५ मार्च २०१२पासून. थिएटर ५०० सीटचं असेल तर व्हीलचेअरच्या ६ जागा. त्याच्या पुढे ५००० सीटपर्यंत दर १५० सीटमागे आणखी एक. म्हणजे १५०० सीटचं नवं थिएटर बांधलं, तर किमान १३ जागा. गंमत बघा, १९९१च्या जुन्या नियमांत याच थिएटरला १६ जागा लागायच्या. नियम नवा झाला, की आकडा वाढतोच असं नाही!

एका जागेचं माप ३६ इंच रुंद आणि पुढून किंवा मागून आत शिरायचं असेल तर ४८ इंच खोल. साध्या व्हीलचेअरला हे पुरतं. स्कूटर मात्र लांब असते आणि जागच्या जागी गर्रकन वळत नाही. दाटीवाटीच्या रांगेत ती रिव्हर्स घेणं म्हणजे दादरला रविवारी गाडी पार्क करणं. कायद्याच्या दृष्टीने अशी स्कूटरसुद्धा व्हीलचेअरच, त्यामुळे आत नेऊ देतात. पण आई-बाबांना चार पावलं टाकता येत असतील, तर रांगेच्या टोकाच्या साध्या सीटवर बसून स्कूटर कास्ट मेंबर सांगेल तिथे लावणं, हा पर्याय विचारून बघायला हरकत नाही. फक्त किल्ली काढून घ्या. सगळ्या स्कूटर्स दिसायला सारख्याच असतात.

नव्या नियमांचा मला आवडलेला भाग आकड्यांचा नाही. प्रत्येक व्हीलचेअरच्या जागेशेजारी सोबत्यासाठी किमान एक सीट हवी आणि दोघांचे खांदे एका रेषेत येतील अशी हवी, हेही त्यात लिहिलंय. म्हणजे मागे एक, पुढे एक, असं नको. शोमध्ये जोक झाल्यावर शेजारच्याकडे बघून हसता आलं पाहिजे, याचा कुणीतरी इंचात विचार केला आहे.

उभ्या पब्लिकचं काय करायचं?

रॅम्प बांधला, जागा आखली, तरी एक प्रश्न उरतोच. व्हीलचेअरमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात. पुढची रांग बसलेली असेपर्यंत सगळं दिसतं. क्लायमॅक्सला हीरो आला, फटाके उडाले, पब्लिक टाळ्या वाजवत उठलं, की समोर दिसतात जीन्सचे खिसे. बाकीचे उभे राहून बघतात. ज्याला उभं राहता येत नाही, त्याने काय करायचं?

यावर अमेरिकेत कोर्टबाजी झाली आहे. वॉशिंग्टनमध्ये खेळांसाठी नवं मोठं स्टेडियम बांधलं जात असताना अपंग माजी सैनिकांची संघटना कोर्टात गेली. समोरचे प्रेक्षक उभे राहिले तरी व्हीलचेअरवरून मैदान दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९९७मध्ये अपील कोर्टाने तो बऱ्याच अंशी मान्य केला. पुढे २०१०च्या नियमांत हे लेखीच आलं. प्रेक्षक उभे राहण्याची शक्यता असेल, तिथे व्हीलचेअरच्या जागेवरून उभ्या प्रेक्षकांच्या पलीकडचं दिसायला हवं. सिनेमा थिएटरांचीही केस गाजली. पायऱ्या-पायऱ्यांच्या नव्या मल्टिप्लेक्समध्ये व्हीलचेअरची जागा थेट पडद्यापुढच्या रांगांत, म्हणजे दोन तास मान वर करून बसा! २००३मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, की बाकीच्यांना मिळतो तसाच बघण्याचा कोन यांनाही मिळायला हवा. त्यामुळे पहिली रांग म्हणजे व्हीआयपी ट्रीटमेंट, हे दर वेळी खरं नसतं.

आता हे सगळं पार्कात कसं दिसतं? हॉलिवुड स्टुडिओजमधला ‘फँटास्मिक’ हा १९९८पासूनचा रात्रीचा शो (मध्ये २०२० ते २०२२ बंद होता). उघड्यावरचं भलंमोठं अँफीथिएटर, जवळपास ६९०० लोक बाकांवर बसतात आणि समोर पाणी. इथे व्हीलचेअरच्या बऱ्याच जागा सगळ्यात वरच्या, मागच्या बाजूला आहेत. ऐकल्यावर राग येतो, की आमच्या आजीला शेवटची रांग? पण तिथे बसल्यावर अख्खा तलाव, पाण्याच्या पडद्यावरची चित्रं आणि आगीचा खेळ एका नजरेत येतो. पुढच्यांच्या अंगावर उडणारे पाण्याचे तुषार इथपर्यंत येत नाहीत आणि बाहेर पडायचा रस्ताही जवळ. कलाकारांचे चेहरे दिसत नाहीत, हे मात्र खरं. ज्यांना ते हवेत, त्यांनी पुढची व्हीलचेअरची जागा मिळेल का, हे आत शिरतानाच विचारावं. एकदा वर जाऊन बसल्यावर नाही.

अ‍ॅनिमल किंगडममधला ‘फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग’ अगदी वेगळा. चारही बाजूंनी प्रेक्षक, मध्ये खेळ. इथे व्हीलचेअर खालच्या सपाट भागात लागते, कलाकार अगदी हाताच्या अंतरावर येतात. ज्येष्ठांना घेऊन एकच शो बघायचा असेल, तर माझं मत याला!

आणि आता जिथे कायदाही थोडा हतबल होतो ते. एपकॉटच्या कॅनडा पॅव्हेलियनमध्ये ३६० अंशांचा सिनेमा आहे, ‘कॅनडा फार अँड वाइड’, २०२०चा. तिथे सीटच नाहीत. सगळं पब्लिक उभं, चहूबाजूंनी पडदा. व्हीलचेअरवरच्या माणसाला गर्दीच्या मधोमध वरचा अर्धाच पडदा दिसतो. रांगेत मुद्दाम थोडं मागे राहून मोकळ्या बाजूला जाणं, एवढंच हातात असतं. परेड आणि रात्रीचे फटाके तर आणखी कठीण. त्यांच्यासाठी व्हीलचेअरची वेगळी जागा आखून दिलेली असते, पण ती लवकर भरते. ती हुकली, की मग समोर बाबांच्या खांद्यावर बसलेलं पोर, त्याच्या डोक्यावर मिकीचे कान आणि त्याच्याही वर कुणाचा तरी मोबाइल. कोर्ट कुठे कुठे पुरणार?

नऊ जण आणि एक खुर्ची

आपल्याकडे फॅमिली म्हणजे चौघं नव्हेत. आई, बाबा, सासू-सासरे, न्यूजर्सीहून आलेली मावशी, तिची दोन मुलं. व्हीलचेअरशेजारी हे सगळं वऱ्हाड मावत नाही. ठरावीक सीटची तिकिटं विकली जातात, अशा शोसाठी अमेरिकेत नियम आहे, की व्हीलचेअरच्या जागेसोबत त्याच रांगेत लागून आणखी तीन तिकिटं घेता यावीत, शिल्लक असतील तर. पार्कातल्या बहुतेक शोमध्ये सीट नंबर नसतो. तिथे जागा आणि गर्दी बघून कास्ट मेंबर सांगेल ते. सोबत कोण बसणार, हे त्यामुळे दारात भांडून नव्हे, आधीच ठरवा. आणि प्लीज, प्रत्येक शोला सूनबाईच नको. मुलानेही एखाद वेळी आईशेजारी बसून शो बघावा. आजीशेजारी नातवाला बसवलं तर दोघंही खूश.

पण सगळ्यात अवघड सीट वेगळीच आहे. ती बाबांच्या डोक्यातली. एअरपोर्टवर हेच बाबा खुशाल व्हीलचेअर घेतात, कारण इमिग्रेशनच्या लाइनमध्ये ती ढकलणारा माणूस सोबत असतो. पार्कात मात्र ‘मला काय धाड भरलीय?’ कारण इथे फोटो निघतात आणि ते फॅमिली ग्रुपवर जातात. त्यांना पटवताना ‘तुम्हाला चालवत नाही’ म्हणू नका. ‘संध्याकाळचा शो बघायला पाय शिल्लक ठेवायचेत’ म्हणा. ते खरंही आहे.

आणि सर्टिफिकेट लागत नाही हो! रेल्वेच्या सवलतीसाठी डॉक्टरांचा फॉर्म घेऊन फिरलेल्या आपल्या पिढीजात मनाला हे पटत नाही, पण व्हीलचेअरवर आलेल्या माणसाला ‘तुला नेमकं काय झालंय?’ असं विचारायची तिथे मुभाच नाही.

या विश्वासाचा फायदा घेणारेही आहेतच. पैसेवाली कुटुंबं रांग चुकवायला अपंग व्यक्तींना ‘गाइड’ म्हणून भाड्याने घेतात, अशी बातमी मे २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या एका पेपरने दिली आणि प्रचंड बोंब झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने जुनं सवलत कार्ड बंद करून नवी पद्धत आणली, २०२४मध्ये ती आणखी कडक केली. ती भानगड मुख्यतः राइड्सच्या रांगांची. पण गंमत म्हणून स्कूटर भाड्याने घेणाऱ्या धडधाकट टोळक्यांचं मला काही कौतुक नाही. शोमधल्या त्या मोजक्या जागांपैकी एक त्यांनी अडवली, की दारात ‘सॉरी, फुल झालं’ ऐकायला लागतं ते कुणाच्या तरी आजीला, जिला खरंच दुसरा पर्याय नसतो.

म्हणून शोच्या निदान अर्धा तास आधी दारात असा, रात्रीच्या शोसाठी त्याहून बरंच आधी. संपल्यावर घाई करू नका. व्हीलचेअरवाल्यांना बऱ्याचदा गर्दी ओसरेपर्यंत थांबायला सांगतात आणि ते बरंच असतं, कारण अंधारात हजारो पायांमधून स्कूटर काढणं म्हणजे कुणाच्या तरी घोट्यावर संक्रांत. आणखी एक. पार्कमधून भाड्याने घेतलेली स्कूटर गेटच्या बाहेर नेता येत नाही. गेटपासून बस स्टॉपपर्यंतचं किंवा पार्किंगपर्यंतचं अंतर, तेही रात्री दहाला, बाबांना पायी चालायचंय. ते जमणार नसेल, तर बाहेरच्या कंपनीकडून हॉटेलवर स्कूटर मागवा. ती बसमध्येही चढते, आणि रात्री चार्जिंगला लावायची आठवण बाबाच तुम्हाला करून देतील.