पूर्वजांच्या मागावर : दगड घासणारा पीटर

जहाजांच्या याद्या या आठवड्यात उघडायच्या ठरल्या होत्या. पण बोस्टनच्या नोंदवह्यांवरचा भाग वाचून एका वाचकाने विचारले आहे : वसाहतीतल्या त्या माणसांना तरी स्वतःचे पूर्वज ठाऊक होते का? याचे उत्तर बेंजामिन फ्रँकलिनकडे आहे, आणि तिकडे गेले की माझा पाय लवकर निघत नाही. याद्या पुढच्या वेळी.

१७५८च्या उन्हाळ्यात फ्रँकलिन बावन्न वर्षांचा होता. पेनसिल्व्हेनियाच्या कामासाठी तो लंडनला आला होता, मुलगा विल्यम बरोबर होता. सवड मिळताच दोघे नॉर्थॅम्प्टनशरमधल्या एक्टन गावी गेले. बेंजामिनचे वडील जोसाया याच गावचे. १६८३ साली ते बोस्टनला गेले, ते तिकडचेच झाले. चर्चची नोंदवही १५५५पासूनची निघाली. ती चाळताना फ्रँकलिनला कळले की पाच पिढ्या धाकट्याच्या पोटी धाकटा अशी जी ओळ चालत आली, तिच्या टोकाला आपण आहोत. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी थॉमस काकाच्या गोष्टी सांगितल्या. हा काका जुन्या पंचांगाप्रमाणे ६ जानेवारी १७०२ रोजी वारला आणि बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला पुतण्या जन्मला. दोघांचे स्वभाव इतके जुळत होते की विल्यम म्हणाला, मृत्यू आणि जन्म एकाच दिवशी झाले असते तर लोकांनी हा पुनर्जन्मच मानला असता!

मग सारे कबरस्तानात गेले. दगडांवर शेवाळ इतके की अक्षर लागेना. पाद्रीसाहेबांच्या पत्नीने ताठ ब्रश आणि पाण्याचे भांडे मागवले, पीटरने दगड घासून स्वच्छ केले आणि विल्यमने मजकूर उतरवून घेतला. फ्रँकलिनने बायकोला, डेबोराला, सप्टेंबरमध्ये लिहिलेल्या पत्रात हे सारे आहे.

हा पीटर फ्रँकलिनचा गुलाम. मालकाची वंशावळ ज्याच्या हातांनी उजळली त्याचे आईबाप कोण, हे शोधायला कुठल्या चर्चची वही उघडायची? वंशशोधाच्या पुस्तकांत एक्टनची गोष्ट हौसेने सांगतात आणि पीटरपाशी थांबत नाहीत. मला तिथेच थांबावेसे वाटते. एका घरातल्या दोन माणसांपैकी एकाचा माग दोनशे वर्षे मागे जातो आणि दुसऱ्याचा त्याच्यापाशीच संपतो. हा फरक नशिबाचा नव्हे, कागद कोणासाठी लिहिले गेले त्याचा आहे.

तरी पीटर अगदीच हरवलेला नाही. १७५७ साली निघण्यापूर्वी फ्रँकलिनने इच्छापत्र केले. आपल्या मृत्यूनंतर पीटर आणि त्याची बायको जेमायमा यांना मुक्त करावे असे त्यात आहे. विल्यमबरोबर आलेला किंग नावाचा गुलाम इंग्लंडात पळून गेला. १७६०च्या पत्रातून कळते की तो सफोकमध्ये एका बाईंकडे सापडला. बाईंनी त्याला लिहावाचायला, व्हायोलिन आणि फ्रेंच हॉर्न वाजवायला शिकवायची सोय केली होती. फ्रँकलिनच्याच 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट'मध्ये पळालेल्या गुलामांच्या जाहिराती छापून येत. कपडे, व्रण, बोलण्याची ढब, येणारे कसब असे बारीक वर्णन त्यांत असे. माणूस पकडण्यासाठी लिहिलेला हा मजकूर आज त्याच्या वंशजांचा आधार होतो.

गुलामांच्या वंशजांना मागे जाताना अमेरिकेची १८७०ची जनगणना ही भिंत लागते. त्याआधीच्या १८५० आणि १८६०च्या गुलामयाद्यांत बहुतेक ठिकाणी मालकाच्या नावाखाली नुसते वय, लिंग आणि वर्ण. भिंतीपलीकडे जायचे तर मालकाचेच कागद वाचावे लागतात : इच्छापत्र, मृत्यूनंतर केलेली मालमत्तेची यादी, खरेदीखत.

म्हणून, वसाहतीतला पूर्वज शोधणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याचे इच्छापत्र हाती लागले तर वारसांपाशी थांबू नका. गुरे, भांडी, पलंग यांच्यामध्ये एखादे नुसते पहिले नाव दिसले, तर ते तारखेसकट वेगळ्या वहीत उतरवा आणि कागदाचा ठावठिकाणाही लिहा. त्या नावाच्या शोधात दुसरे कोणीतरी असू शकते.