सैल पकडीचं रसायन

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात, ब्यूला गावाजवळ, लिग्नाइट कोळशापासून इंधनवायू बनवणारा एक कारखाना १९८४ पासून चालू आहे. कोळशाचा वायू करताना कार्बन डायऑक्साइड भरमसाट निघतो. तो वेगळा काढायला तिथे लागतं मिथेनॉल, तेही पाण्याच्या गोठणबिंदूखालच्या कडाक्याच्या थंडीत ठेवलेलं. ‘रेक्टिसॉल’ नावाची ही पद्धत जर्मनीतल्या लिंडे आणि लुर्गी या कंपन्यांनी विकसित केली.

पाण्यानं हे काम का होत नाही? २५ अंश सेल्सिअसला आणि नेहमीच्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्यात हा वायू सुमारे ०.८ लिटर विरघळतो. मिथेनॉलमध्ये साडेतीन लिटरच्या आसपास, तर अ‍ॅसिटोनमध्ये सहाच्या घरात. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे परक्या रेणूला शिरायला जागा करणं महागात पडतं. अ‍ॅसिटोनमधल्या ऑक्सिजनवर किंचित ऋण भार असतो आणि कार्बन डायऑक्साइडमधल्या कार्बनवर किंचित धन. दोघांत ओढ असते, पण बंध जुळत नाही.

दाब वाढवला की खरी गंमत दिसते. विल्यम हेन्रीनं १८०३ मध्ये सांगितलं होतं की दाब दुप्पट केला तर विरघळलेला वायूही दुप्पट होतो. कमी दाबाला हा नियम चोख चालतो. पण जाड काचेची खिडकी असलेल्या पोलादी भांड्यात अ‍ॅसिटोन घेऊन वायू सोडत गेलं, तर द्रवाची पातळी डोळ्यांदेखत चढत जाते. २५ अंशांना दाब ४० बारवर पोचेपर्यंत त्या द्रवातले निम्म्याहून जास्त रेणू कार्बन डायऑक्साइडचे झालेले असतात. त्याच दाबाला पाण्यात ते शेकडा दोनच्या आसपास असतात. अ‍ॅसिटोनमध्ये आधी एखादं औषध विरघळवून ठेवलेलं असेल, तर फुगलेल्या द्रवाला ते पेलवत नाही आणि त्याचे बारीक स्फटिक खाली बसतात. औषधाची भुकटी करायची ही एक रीतच आहे.

मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती ही सैल पकड. कार्बन डायऑक्साइड पकडायला अमाइन नावाच्या रसायनांचं द्रावणही वापरतात, पण त्यात तो रासायनिक बंधानं अडकतो. तो सोडवायला द्रावण वाफेनं सुमारे १२० अंशांपर्यंत तापवावं लागतं. मिथेनॉलवरचा दाब नुसता उतरवला की बराचसा वायू बुडबुडत बाहेर पडतो आणि जाताना द्रवातली उष्णता घेऊन जातो. मिथेनॉल आपोआप गार होतं, म्हणजे थंडाव्यावरचा थोडा खर्चही वसूल होतो.

पण ही सोय कोराडी किंवा चंद्रपूरच्या वीजकेंद्रांच्या चिमणीला लागू पडत नाही. तिथला धूर हवेच्याच दाबाचा आणि त्यात नायट्रोजनच फार. कार्बन डायऑक्साइडच्या वाट्याला जेमतेम ०.१५ बार येतो. एवढ्यावर मिथेनॉल फारसं काही पकडणार नाही. तिथे अमाइनच हवं. कार्बन पकडण्याच्या योजनांवर आपल्याकडे चर्चा होते, तेव्हा वायू किती दाबाचा आहे हे आधी विचारलं जायला हवं.

ब्यूलात सुटलेला वायू २००० पासून सुमारे ३३० किलोमीटर लांबीच्या नळातून कॅनडातल्या वेबर्नच्या तेलक्षेत्रात जातो. मिथेनॉलसारखंच खनिज तेल म्हणजेही सेंद्रिय द्रावकच. जमिनीखालच्या दाबाखाली कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, तेल फुगतं, पातळ होतं आणि खडकातून सुटून विहिरीकडे वाहू लागतं. वायूचा मोठा भाग खाली राहतो हे चांगलंच. पण वर आलेलं तेल जळतं, म्हणून हवामानाच्या हिशेबात हा सौदा मी अर्धाच धरतो.