यादी बदलली, तरी नोंदी बदलत नाहीत!
एक्सेलच्या ड्रॉपडाउनबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पतसंस्था, शाळा, वितरक, कर सल्लागार, कुणाच्याही एक्सेल फाइलमध्ये जिल्ह्याचा कॉलम असतोच, आणि बहुधा त्यात बाणावर क्लिक करताच उघडणारी ड्रॉपडाउन यादीही असते. एकदा बनवली की वर्षानुवर्षे तिच्याकडे कुणी बघत नाही. बदलायची वेळ आली की मात्र गोंधळ उडतो, कारण ही यादी नेमके काय करते याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : यादीत नवे नाव घातले की जुन्या नोंदीही आपोआप बदलतात.

वस्तुस्थिती : ड्रॉपडाउन दारावरच्या वॉचमनसारखी असते. आत येणाऱ्याला अडवते, आधीच आत बसलेल्यांना काही विचारत नाही. यादीत ‘अहमदनगर’ खोडून ‘अहिल्यानगर’ लिहिले, तरी आधी निवडलेले ‘अहमदनगर’ सेलमध्ये तसेच राहते. एक्सेल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. परिणाम दिसतो तो अहवालात. पिव्होट टेबलमध्ये एकाच जिल्ह्याच्या दोन ओळी येतात आणि दोन्हींची बेरीज अर्धवट असते.

जुन्या नोंदी ‘फाइंड अँड रिप्लेस’ने स्वतंत्रपणे बदलाव्या लागतात. तिथेही सावध राहायला हवे. बोलताना आपण नुसते ‘नगर’ म्हणतो, तसे काहींनी फाइलमध्येही लिहिलेले असते. ‘नगर’च्या जागी ‘अहिल्यानगर’ असा सरसकट बदल केला, तर ‘मुंबई उपनगर’चे ‘मुंबई उपअहिल्यानगर’ होते. म्हणून आधी जिल्ह्याचा कॉलम निवडावा आणि ‘मॅच एंटायर सेल कंटेंट्स’वर टिक करून मगच बदल करावा.

गैरसमज २ : यादीतली नावे ‘डेटा व्हॅलिडेशन’च्या खिडकीतल्या ‘सोर्स’च्या चौकटीत स्वल्पविराम देऊन लिहिली की काम झाले.

वस्तुस्थिती : ‘हो, नाही’ किंवा ‘रोख, धनादेश, यूपीआय’ अशा छोट्या यादीसाठी हे ठीक आहे. पण त्या चौकटीत २५५ अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘सिंधुदुर्ग’ची गणती दहा होते. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे स्वल्पविरामांसह लिहायला गेलात, तर आकडा २७०च्या पुढे जातो, म्हणजे यादी मावतच नाही.

लांब यादी वेगळ्या शीटवर एकाखाली एक लिहावी आणि ‘सोर्स’मध्ये त्या सेलचा पत्ता द्यावा. अशा यादीत ३२,७६७ नावांपर्यंत जागा मिळते. यादी त्याच शीटवर असायला हवी, हा नियम एक्सेल २००७पर्यंतचा. २०१०पासून दुसऱ्या शीटचा पत्ता थेट देता येतो.

गैरसमज ३ : मूळ यादीच्या शेवटी नाव जोडले की ते ड्रॉपडाउनमध्ये दिसू लागते.

वस्तुस्थिती : ‘सोर्स’मध्ये ए२ ते ए३७ असा पत्ता दिला असेल, तर ए३८मध्ये लिहिलेले नाव यादीच्या हद्दीबाहेर राहते. यादीच्या मध्ये ओळ घालून तिथे नाव लिहिले, तर पत्ता आपोआप वाढतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे मूळ यादी निवडून कंट्रोल-टी दाबावे आणि तिचे टेबल करावे. मग शेवटी जोडलेले नावही ड्रॉपडाउनमध्ये येते.

नाव काढून टाकतानाही सेल नुसता रिकामा करू नये, ओळच काढावी. यादीला नाव देऊन ‘नेम्ड रेंज’ केली असेल, तिच्यात एक सेल रिकामा असेल आणि ‘इग्नोर ब्लँक’वर टिक असेल, तर एक्सेल त्या ड्रॉपडाउनमध्ये काहीही लिहू देते. बाण दिसत राहतो, पण तपासणी बंद झालेली असते.

गैरसमज ४ : ड्रॉपडाउन आहे म्हणजे चुकीची नोंद होणारच नाही.

वस्तुस्थिती : तपासणी फक्त टाइप करताना होते, पेस्ट करताना होत नाही. दुसऱ्या सेलवरून साधे कॉपी-पेस्ट केले, तर त्या सेलचे नियमही सोबत येतात. तिथे ड्रॉपडाउन नसेल, तर इथलीही जाते. ‘पेस्ट व्हॅल्यूज’ केले तर ड्रॉपडाउन टिकते, पण आलेला मजकूर यादीत आहे की नाही हे बघितले जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली नावे चिकटवली जातात, तेव्हाही हेच घडते.

शिवाय ‘एरर अलर्ट’मध्ये ‘स्टॉप’ऐवजी ‘वॉर्निंग’ किंवा ‘इन्फर्मेशन’ निवडलेले असेल, तर इशारा येतो, पण नोंद होऊ शकते. गूगल शीट्समध्येही इशारा देणे आणि नोंद नाकारणे हे दोन वेगळे पर्याय आहेत.

गैरसमज ५ : एका सेलमधली यादी बदलली की सगळीकडची बदलते, डिलीट दाबले की ड्रॉपडाउन जाते.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. ‘डेटा व्हॅलिडेशन’च्या खिडकीत तळाशी ‘अप्लाय दीज चेंजेस टू ऑल अदर सेल्स विथ द सेम सेटिंग्ज’ अशी चौकट असते. तिच्यावर टिक केली नाही, तर बदल फक्त निवडलेल्या सेलपुरता राहतो. डिलीटने सेलमधला मजकूर जातो, यादी राहते. ती काढायची तर त्याच खिडकीत ‘क्लिअर ऑल’ आहे. कुठल्या सेलना ड्रॉपडाउन आहे हे आठवत नसेल, तर ‘गो टू स्पेशल’मधून ‘डेटा व्हॅलिडेशन’ निवडावे, ते सेल एकदम निवडले जातात. शीट प्रोटेक्ट केलेली असेल, तर मात्र आधी ती अनप्रोटेक्ट करावी लागते.

मग क्रम कोणता?

आधी फाइलची प्रत ठेवावी. मूळ यादीचे टेबल करून नावे तिथे बदलावीत. मग जुन्या नोंदी बदलाव्यात. शेवटी ‘डेटा’ टॅबवरच्या ‘डेटा व्हॅलिडेशन’शेजारील बाणावर क्लिक करून ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ निवडावे. नियमात न बसणाऱ्या नोंदींभोवती लाल वर्तुळे येतात. जिथे ड्रॉपडाउन टिकून आहे, तिथली सुटलेली जुनी नावे आणि पेस्ट होऊन आलेल्या चुका, दोन्ही त्यात सापडतात. ही तपासणी एका वेळी एकाच शीटची होते, त्यामुळे प्रत्येक शीटवर ती वेगळी करावी. मग पिव्होट टेबल रिफ्रेश करावे. प्रत्येक जिल्ह्याची एकच ओळ दिसली, तरच नाव बदलण्याचे काम संपले असे समजावे.