तेलाधारित रंगीत पेन्सिली: स्वस्तातल्या घेताना

मोठ्यांच्या रंगवहीत अजिंठ्याच्या छतावरची कमळं किंवा पैठणीच्या काठावरचा मोर रंगवायचा, तर टोक बारीक हवं. तेलाधारित पेन्सिलीची आतली कांडी मेणाच्या पेन्सिलीपेक्षा सहसा कडक असते. टोक टिकतं आणि गडद रंगावर मेणाची पांढुरकी झाक येत नाही. फाबर-कास्टेलची पॉलिक्रोमॉस यातली नामांकित, पण महाग. स्वस्तातल्या घेताना आधी 12 रंगांचाच संच घ्या. हलक्या हाताने थर चढवा. जोर दिला की कागदाचा खरखरीतपणा दबतो, पुढचा थर बसत नाही. रंग किती टिकतो हे पाहायला कागदाची एक पट्टी या पेन्सिलींनी रंगवा आणि तिचा अर्धा भाग झाकून ती कडक उन्हात महिनाभर ठेवा. उघडा भाग फिका पडला, तर त्या पेन्सिली वहीपुरत्याच वापरा. भिंतीवर लावायच्या चित्राला नकोत.