संख्याशास्त्रीय प्रतिमाने आणि प्रत्यक्ष जीवनातील प्रश्न : मान्सूनच्या पूर्वानुमानाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पदव्युत्तर व पीएच.डी. स्तरावरील संशोधनात संख्याशास्त्रीय प्रतिमानांचा वापर आता केवळ संख्याशास्त्र विभागापुरता मर्यादित राहिलेला नाही. भूगोल, अर्थशास्त्र, वाणिज्य, मानसशास्त्र, शारीरिक शिक्षण अशा विविध विद्याशाखांतील प्रबंधांत सहसंबंध गुणांक व समाश्रयण समीकरणे यांना हमखास एक प्रकरण वाहिलेले असते. पूर्वी ज्या आकडेमोडीस महिने लागत ती संगणकावर क्षणात होते. त्यामुळे समीकरण कसे मांडावे हा आता फारसा अवघड प्रश्न उरलेला नाही. मांडलेल्या समीकरणावर विश्वास कितपत ठेवावा हा प्रश्न मात्र पूर्वीइतकाच अवघड आहे.

प्रबंधांतून सामान्यतः असे दिसते की, निर्धारण गुणांक ०.८ किंवा ०.९ इतका आला की 'प्रतिमान समाधानकारक आहे' असा निष्कर्ष नोंदवून संशोधक पुढील प्रकरणाकडे वळतो. वास्तविक, ज्या आकडेवारीवरून प्रतिमान बेतले त्याच आकडेवारीशी ते जुळते, एवढेच त्या गुणांकावरून कळते. शिंप्याने अंगाचे माप घेऊन शिवलेला सदरा त्याच अंगाला बसला, तर त्यात नवल नाही. प्रतिमानाने न पाहिलेल्या आकडेवारीवर ते टिकते किंवा कसे, ही खरी परीक्षा होय आणि बहुसंख्य प्रबंधांत ती घेतलीच जात नाही. भारतीय मान्सूनच्या दीर्घ पल्ल्याच्या पूर्वानुमानाच्या बाबतीत मात्र ही परीक्षा दरवर्षी, जाहीरपणे होत आली आहे. त्या इतिहासाचा बराचसा भाग पुण्यातच घडला असल्याने महाराष्ट्रातील संशोधकांस तो अपरिचित राहू नये.

वॉकर यांचा शोध आणि त्यांचीच कसोटी

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. त्यापाठोपाठ आलेल्या १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने पावसाचा आगाऊ अंदाज ही प्रशासनाची निकड ठरली. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील हिमवृष्टी व त्यानंतरचा मान्सून यांच्या संबंधावर आधारित अधिकृत अंदाज १८८६ पासून देण्यास प्रारंभ केला. १९०४ मध्ये या पदाची सूत्रे केंब्रिजचे गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. त्यांचा पिंड हवामानशास्त्रज्ञाचा नव्हता. मान्सूनचा पूर्ण भौतिक सिद्धांत त्या काळी उपलब्ध नव्हता आणि तो सिद्ध होईपर्यंत थांबणे शासनास परवडणारे नव्हते. म्हणून वॉकर यांनी जगभरातील केंद्रांचा वायुदाब, तापमान व पर्जन्य यांच्या नोंदी गोळा करून त्यांचे भारतीय पावसाशी असलेले सहसंबंध काढण्याचे प्रचंड काम हाती घेतले. त्यातूनच पुढे, प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुदाबाचे परस्परविरोधी चढउतार, म्हणजे 'दक्षिणी दोलन', प्रकाशात आले.

वॉकर यांच्या या शोधाचा उल्लेख सर्वत्र होतो. त्यांच्या १९१४ मधील एका शोधनिबंधाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. अनेक सहसंबंध काढून त्यांतील सर्वांत मोठा तेवढा निवडला, तर त्याला नेहमीची सार्थकता कसोटी लावता येत नाही. किती सहसंबंधांतून तो निवडला हे हिशेबात घ्यावे लागते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. ज्याने आयुष्यभर सहसंबंध शोधले त्यानेच ही कसोटी मांडावी, ही गोष्ट मनोज्ञ आहे.

उदाहरणार्थ, एखाद्या विद्यार्थ्याने जिल्ह्यातील कापसाच्या उत्पादकतेशी वीस चल ताडून पाहिले, असे समजू. त्यांतील एकाचाही उत्पादकतेशी काडीमात्र संबंध नसला आणि ते परस्परांपासून स्वतंत्र असले, तरी ५ टक्के सार्थकता पातळीवर किमान एक चल 'सार्थ' ठरण्याची संभाव्यता १ वजा ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.६४ इतकी असते. प्रबंधात मात्र उरलेल्या एकोणीस चलांचा उल्लेख नसतो. वाचकापुढे येतो तो एकच विजयी सहसंबंध, आणि त्यामागे मोठ्या कष्टाने रचलेले स्पष्टीकरण.

सोळा घटकांचे प्रतिमान

१९८७ च्या दुष्काळानंतर मान्सूनच्या पूर्वानुमानास नवी चालना मिळाली. त्या वेळी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव असलेले डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी यांनी सोळा घटकांवर आधारित घात समाश्रयण प्रतिमान विकसित केले. एल निनो, दक्षिणी दोलन, हिमालय व युरेशियावरील हिमाच्छादन, डार्विन येथील वायुदाब, इतकेच नव्हे तर अर्जेंटिनातील वायुदाब यांचाही त्यात समावेश होता. १९८८ पासून हवामान विभागाचे अंदाज या प्रतिमानावर आधारले गेले. संपूर्ण देशाच्या जून ते सप्टेंबरमधील पावसाचा अंदाज दीर्घकालीन सरासरीच्या टक्केवारीत दिला जाई आणि प्रतिमानाची त्रुटी अधिक-उणे ४ टक्के सांगितली जाई.

येथे प्रतिमानाच्या रचनेकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. वार्षिक पावसाच्या अभ्यासात एका वर्षातून एकच निरीक्षण मिळते. शिवाय हिमाच्छादन किंवा उच्च वातावरणातील वारे यांसारख्या घटकांच्या विश्वसनीय नोंदी काही दशकांपलीकडे जात नाहीत. दुसऱ्या बाजूस, सोळा घटकांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र गुणांक व स्वतंत्र घातांक असल्याने निश्चित करावयाचे स्थिरांक बत्तिसाहून अधिक होतात. निरीक्षणे थोडी आणि स्थिरांक पुष्कळ अशी स्थिती आली की, प्रतिमान मूळ नियमाबरोबरच त्या विशिष्ट वर्षांतील योगायोगही पाठ करते.

याचा पडताळा कोणत्याही महाविद्यालयाच्या संगणक कक्षात घेता येतो. तीस वर्षांच्या पावसाच्या जागी यादृच्छिक संख्यांचा एक स्तंभ घ्यावा, तशाच यादृच्छिक संख्यांचे आणखी सोळा स्तंभ घ्यावेत व साधे रेषीय समाश्रयण करावे. सोळा भागिले एकोणतीस, म्हणजे सुमारे ०.५५, इतका निर्धारण गुणांक सरासरीने केवळ योगायोगानेच मिळतो. सोळाही घटक निरर्थक असताना निम्म्याहून अधिक विचरणाचे 'स्पष्टीकरण' होते! हा प्रयोग पदव्युत्तर वर्गात एकदा करून दाखवल्यास सूत्रांच्या अनेक तासिकांचे काम तो करील.

तथापि, गोवारीकर यांच्या प्रतिमानाचा एक मोठा गुण नाकारता येणार नाही. त्याने दरवर्षी एक निश्चित संख्या आगाऊ जाहीर केली व ती चुकण्याचा धोका पत्करला. 'पावसावर अनेक घटकांचा प्रभाव पडतो' यांसारखे कधीच न चुकणारे निष्कर्ष काढणाऱ्या प्रबंधांपेक्षा हे प्रतिमान वैज्ञानिकदृष्ट्या निश्चितच श्रेष्ठ होते.

२००२ चा दुष्काळ

१९८८ ते २००१ या चौदा वर्षांत देशव्यापी दुष्काळाचे एकही वर्ष आले नाही. अंदाज साधारणतः 'सामान्य' असे आणि पाऊसही बहुतेक वर्षी सामान्य मर्यादेत होई. त्यामुळे प्रतिमान यशस्वी असल्याची भावना दृढ झाली. पण आकडे जवळून पाहिले तर चित्र बदलते. १९९४ मध्ये अंदाज ९२ टक्के होता, प्रत्यक्षात पाऊस सुमारे ११० टक्के झाला. १९९९ मध्ये अंदाज १०८ टक्के, पाऊस सुमारे ९६ टक्के. ही तफावत सांगितलेल्या ४ टक्क्यांच्या तिप्पट-चौपट आहे.

त्याहून मूलभूत मुद्दा तुलनेचा आहे. देशाच्या मोसमी पावसाचे प्रमाण विचलन सरासरीच्या सुमारे १० टक्के आहे. म्हणजे कोणतेही प्रतिमान न वापरता दरवर्षी 'पाऊस सरासरीइतका होईल' असे सांगणारा माणूसही बहुतेक वर्षी फारसा चुकत नाही. या चौदा वर्षांत तर तो 'सामान्य' हा शब्द उच्चारून जवळजवळ तितकाच यशस्वी ठरला असता. प्रतिमानाचे यश या साध्या अंदाजाशी तोलून पाहावयास हवे. नव्या अध्यापन पद्धतीपासून शेअर बाजारापर्यंत कोणत्याही विषयातील प्रतिमानाला हे लागू आहे.

२००२ मध्ये अंदाज १०१ टक्के होता. जुलै महिन्यात देशातील पाऊस सरासरीच्या जवळपास निम्म्यावर आला आणि मोसमाअखेर तो ८१ टक्के भरला. २००१-०२ मधील सुमारे २१.३ कोटी टन अन्नधान्य उत्पादन २००२-०३ मध्ये सुमारे १७.५ कोटी टनांवर घसरले. ज्याने पेरणी केली, दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाणे उधार आणले, त्याच्या दृष्टीने निर्धारण गुणांक किती होता हा प्रश्न गैरलागू होता.

२००३ मध्ये सोळा घटकांचे प्रतिमान बाजूला ठेवून कमी घटकांची, आठ व दहा घटकांची, प्रतिमाने स्वीकारण्यात आली. तरीही २००४ मध्ये १०० टक्क्यांच्या अंदाजापुढे पाऊस सुमारे ८७ टक्केच झाला. सुलोचना गाडगीळ, एम. राजीवन व रवि नंजुंडय्या यांनी २००५ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात या अपयशांची मीमांसा केली. दुष्काळासारखी टोकाची वर्षे ओळखण्यातच प्रतिमाने कमी पडतात, हे त्यातून पुढे आले. नेमकी हीच वर्षे शेतकऱ्याला आधी कळावयास हवी असतात. पुढे २००७ मध्ये अनेक समीकरणांच्या समुच्चयावर आधारित पद्धती आली व २०२१ पासून वातावरण आणि महासागर यांच्या भौतिक समीकरणांवर चालणाऱ्या अनेक प्रतिमानांचा एकत्रित उपयोग केला जाऊ लागला.

संबंध बदलतात

प्रतिमान चुकण्याचे आणखी एक कारण प्रतिमानाबाहेरचे आहे. १९९७ मध्ये विसाव्या शतकातील अत्यंत तीव्र एल निनो उद्भवला. जुन्या संबंधानुसार दुष्काळ अपेक्षित होता, पण पाऊस सुमारे १०२ टक्के झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील के. कृष्ण कुमार व त्यांचे सहलेखक यांनी १९९९ मध्ये 'सायन्स'मध्ये, एल निनो व भारतीय मान्सून यांचा संबंध क्षीण होत असल्याचे दाखवले. त्याच वर्षी हिंदी महासागरातील द्विध्रुव या घटनेचेही वर्णन प्रसिद्ध झाले. चाळीस वर्षे स्थिर वाटलेला गुणांक पुढील दहा वर्षांत तसाच राहील, हे गृहीतक असते. तो निष्कर्ष नव्हे. चलामागील कार्यकारण यंत्रणा ज्ञात असेल, तर संबंध का बदलला हे निदान शोधता तरी येते. केवळ सहसंबंधाच्या जोरावर निवडलेल्या चलाबाबत तीही सोय नसते.

प्रबंधासाठी काही व्यावहारिक बाबी

मार्गदर्शक प्राध्यापकांनी आराखड्याच्या टप्प्यावरच आग्रह धरावा अशी पहिली बाब म्हणजे काही वर्षांची आकडेवारी वेगळी राखून ठेवणे. कालक्रमाने येणाऱ्या आकडेवारीत ती शेवटची वर्षे असावीत, मधूनमधून उचललेली नसावीत. येथे एक चूक वारंवार घडते. चलांची निवड संपूर्ण आकडेवारीवरून आधीच केली जाते आणि नंतर पडताळणीपुरती काही वर्षे वेगळी काढली जातात. अशा वेळी ती वर्षे 'न पाहिलेली' राहत नाहीत, आणि पडताळणी नाममात्र ठरते. तपासलेल्या सर्व चलांची यादी परिशिष्टात देणे हीदेखील फार कष्टाची गोष्ट नाही.

दुसरी बाब प्रमाणाची. अखिल भारतीय सरासरीसाठी सिद्ध झालेला संबंध जिल्ह्याला लावता येत नाही. मराठवाड्याचा मोसमी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आत, तर कोकणाचा त्याच्या चौपटीहून अधिक. या दोहोंना एकच समीकरण लावणारा प्रबंध घाटमाथा विसरतो.

आकडेवारीची उपलब्धता ही आता सबब राहिलेली नाही. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने १९०१ पासूनची, पाव अंशाच्या चौकटींतील दैनंदिन पर्जन्याची आकडेवारी अभ्यासकांस खुली केली आहे. मात्र, प्रत्येक चौकटीतील आकडा हा प्रत्यक्ष मोजलेला पाऊस नसून भोवतालच्या पर्जन्यमापकांवरून काढलेला अंदाज आहे, आणि त्या मापकांची संख्या दशकागणिक बदलत गेली आहे. महाराष्ट्रात जुन्या नोंदी तालुक्याच्या ठिकाणच्या असून अलीकडच्या नोंदी महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्रांच्या आहेत. या दोहोंची सरळ जोडणी केल्यास पावसात न झालेला बदलही आलेखावर दिसू लागतो. म्हणून समीकरण मांडण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यात कोणत्या दशकात किती पर्जन्यमापक होते व ते कोठे होते, याचा एक तक्ता विद्यार्थ्याकडून करून घ्यावा.