फ्लिपर हलेना? कॉइल बदलण्याआधी हे तपासा

समजा, हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याच्या प्रदर्शनात तुम्ही जुनं पिनबॉल मशीन लावलंय. ऐन गर्दीत चेंडू मारणारा डावा फ्लिपर हलेना. कमाईचे दिवस मोजकेच. घाईत नवी कॉइल बसवली आणि तीही जळाली, तर सीझन गेलाच समजा.

आधी बघा, उजवा चालतो का? दोन्ही बंद असतील तर फ्लिपरचा फ्यूज तपासा. बदलायचा तर तेवढ्याच अँपिअरचा. एकच बंद असेल तर दोष बहुतेक त्याच बाजूला.

आता प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, मगच मशीन उघडा. फ्लिपर हाताने फिरवून बघा, कुठे अडकतोय का. कॉइलच्या तारा हलक्या हाताने ओढा. सततच्या धक्क्यांनी सोल्डरिंग सुटतं. बटनामागच्या पट्ट्यांची टोकं काळी पडली असतील तर बारीक कानस हलकेच फिरवा. मग कॉइलला मल्टीमीटर लावा. रीडिंगच येत नसेल तर आतली तार तुटलीय.

आणि ती का तुटली, हेही शोधा. जुन्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात: एक जोराने मारणारी, दुसरी नुसती धरून ठेवणारी. फ्लिपर पूर्ण वर गेला की छोटा स्विच उघडतो आणि जोराची वाइंडिंग सुटते. तो स्विच उघडलाच नाही, तर बटन धरून ठेवलं की कॉइल जळते. वर गेल्यावर तिथे २-३ मिमी फट हवीच.

निघतानाच फ्यूज, कानस, मीटर आणि एक जादा कॉइल पेटीत टाका. गर्दी दारात असताना बाजार शोधायला वेळ नसतो.